उलथन्याचे चटके

माझ्या आईने मला लहानपणी उलथन्याचे चटके दिले, असं चारकोपमधल्या आमच्या अख्ख्या सोसायटीला वाटतं. खरं तर आईने मला साधा फटकाही मारलेला नाही. (तिथेच चुकलं, असं ती आता म्हणते.)

झालं असं, की सोसायटीच्या सत्यनारायणाला एक नाटुकलं करायचं ठरलं. लेखक मी, दिग्दर्शक मी, नायकही मीच! नायक म्हणजे विक्रांत नावाचा दुष्ट नवरा. बायकोला येताजाता टाकून बोलणारा, तिचा मोबाइल लपवणारा, ताट भिरकावणारा. बायकोच्या भूमिकेत माझी खरीखुरी बायको, शुभा.

पण मी पडलो विचारवंत. तालमीत म्हणालो, "शुभा, कुठलाच माणूस उगाच वाईट नसतो गं. त्याला समजून घेतलं पाहिजे."

"घेऊ या ना. मग?"

"शेवटी तो आपलं बालपण सांगतो. आई त्याला तापलेल्या उलथन्याने चटके द्यायची. ते ऐकून तू रडतेस, त्याला जवळ घेतेस आणि चहा करायला जातेस. पडदा!"

"चटके आईने दिले. मग ताटं मी का झेलायची?"

"अगं, त्याची वेदना समजून घे ना!"

"वेदना समजली रे. चहा नाही समजला."

मी लेखकाच्या अधिकारात चर्चा बंद केली. (ताट भिरकावलं नाही, एवढंच.)

प्रयोगाला कंपाउंड फुल्ल! पहिल्या रांगेत नवी साडी नेसून आई. शेवटच्या प्रसंगाला मी गुडघ्यांवर बसलो आणि माझ्या अंगात आलं. बाही सरकवून दंडाखालचा डाग दाखवला. "हा बघ चटका! माझ्या आईने दिलेला! ती मला उपाशी ठेवायची! बाथरूममध्ये कोंडायची!" (हे आयत्या वेळी सुचलं.) बायका मुसमुसू लागल्या. आणि एकेक करून माझ्या आईकडे बघू लागल्या.

आई उभी राहिली. "मेल्या, मी तुका कधी उलथन्यान मारलंय रे?"

"आई, खाली बस! हा विक्रांत आहे!"

"मग विक्रांताची आई खंय आसा? सगळी माकाच बघतत! आणि डाग तो बाइकच्या सायलेन्सरचो!"

टाळ्यांचा कडकडाट! सेक्रेटरी नाईककाका ओरडले, "वा! आईचं पण काम ठेवलंय! झकास!"

नाटकाची वाट लागलेली बघून मी शुभाला खुणावलं, "चहा! चहा!" तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "विक्रांत, तू असा का झालास, ते आज कळलं. फार वाईट वाटलं रे." मी समाधानाने डोळे मिटले. "पण मी चालले."

डोळे उघडतो तर तिच्या हातात बॅग!

"हे स्क्रिप्टमध्ये नाहीये!" मी पुटपुटलो. माइक चालू होता.

"तुझ्या नसेल. माझ्या आहे."

शिट्ट्या! शुभा स्टेजवरून उतरली. मागून आई, "थांब गं, मी पण येतंय!" सासू-सुना गेटबाहेर गेल्या. वॉचमनने सलाम ठोकून रिक्षा थांबवली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि इकडे पडद्याची दोरी अडकली होती. मी तसाच गुडघ्यांवर. नाईककाकांनी स्टेजवर येऊन माइकवरून जाहीर केलं, "यांना कुणीतरी चांगला डॉक्टर सुचवा." शेजारच्या आजींनी प्रसादाचा शिरा माझ्या तोंडात कोंबला. "खा रे बाळा. उपाशी ठेवायची ना ती तुला!"

थोड्या वेळाने दोघी परत आल्या. कुठे जायचं, हे दोघींनीही ठरवलं नव्हतं आणि बॅगेत नुसती उशी होती. घरात कुणी स्वयंपाकघराकडे फिरकेना. मी मुकाट्याने खिचडी टाकली. ती करपली.

मग मी तिच्या करपण्यामागची कारणं सविस्तर सांगितली. कुकरची शिट्टी बिघडलेली, मन थाऱ्यावर नाही, शिवाय मला कधी कुणी स्वयंपाकच शिकवला नाही. दोघींनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"बिचारो," आई म्हणाली.

"खरंच रे, कळतं मला," शुभा म्हणाली. मग तिने फोन उचलला आणि बिर्याणी मागवली. दोन माणसांची.