टोन हाय

"टोन हाय." आप्पा रिसीव्हर कानाला लावायचे, आतला 'घूंऽ' आवाज थोडा ऐकायचे, हे दोन शब्द स्वतःलाच सांगायचे आणि आत कुणी झोपलंय अशा बेतानं रिसीव्हर खाली ठेवायचे. कुणाला फोन करायचा नसायचा. फोन जिवंत आहे एवढीच खात्री हवी असायची. तुमच्याही शेजारी असं कुणीतरी असेल, कुलूप लावल्यावर चारचारदा ओढून बघणारं. आपण अशा माणसांना हसतो. आम्हीही हसायचो.

आप्पा दौंडला रेल्वेत केबिनमन होते, सिग्नलच्या केबिनवर. ड्यूटीवर आलं की आधी केबिनमधला फोन उचलून लाइन चालू आहे का बघायचं, मग जेवणाचा डबा खुंटीला टांगायचा, अशी त्यांची रीत. निवृत्तीनंतर ते शिरूरला आमच्या भिंतीपलीकडच्या दोन खोल्यांत एकटेच राहायला आले. दौंड का सोडलं हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

तेव्हा आळीत फोन फक्त आमच्याकडं होता. एका रविवारी फोनवर एका बाईनं विचारलं, "आप्पांना बोलावता का? मी त्यांची मुलगी बोलतेय." मी भिंतीवर थाप मारली. आप्पा आले, रिसीव्हर घेतला, ऐकलं आणि एक अक्षर न बोलता ठेवून दिला. मला म्हणाले, "राँग नंबर." फोन मीच उचलला होता, हे त्यांना चांगलं माहीत होतं. मी मान डोलावली आणि पेपर उघडला.

पुढं दौंडच्या एका ओळखीच्याकडून कळलं, की मुलीनं आपल्या मनानं लग्न केलं, आप्पांनी तिला घराचं दार बंद केलं, आणि लोक विचारून विचारून हैराण करतात म्हणून गावच सोडलं.

त्या फोननंतर थोड्याच दिवसांत आप्पा दारात येऊन उभे राहिले. "तुमच्या फोनची एक वायर माझ्याकडं टाकू का? तुम्ही नवराबायको दोघंबी दिसभर कामावर. कुणाचा आलाच तर..." आम्ही भिंतीला भोक पाडून वायर टाकली, पलीकडं जुना फोन जोडला आणि 'टोन हाय' सुरू झालं. त्यांच्याकडं तिचा नंबर नव्हता, पत्ता नव्हता. नुसती वाट बघायची होती. एकदाच, लसूण सोलता सोलता, मान वर न करता मला म्हणाले, "ठेवला मीच. आता करायचा का न्हाई, तिच्या मनावर." पुन्हा तो विषय काढला नाही.

काही वर्षांनी त्याच लाइनवर आम्ही इंटरनेट घेतलं. खाली माझा कॉम्प्युटर, वरच्या मजल्यावर भावाचा, मध्ये जिन्यातून गेलेली वायर. मी रांजणगावच्या एका कारखान्यात होतो आणि संध्याकाळी घरून मोठमोठ्या फाइली पाठवाव्या लागत. फाइल निम्म्याच्या वर गेली की नेट पडायचं. मोडेमचा हिरवा दिवा विझायचा आणि वरून भाऊ ओरडायचा, "गेलं!" मी म्हणायचो त्याच्या सिनेमांमुळं, तो म्हणायचा माझ्या फाइलींमुळं. आम्ही वायर बदलली, मोडेम बंद करून चालू केला, खिडकीतून पंख्याखाली आणला. बायकोनं त्याला हळदकुंकू वाहायचं तेवढं बाकी ठेवलं.

आप्पांना या सगळ्याची भारी काळजी. बॅटरी घेऊन यायचे, टेबलाखाली उजेड धरायचे, "लागलं का?" विचारायचे. लागलं म्हटलं की समाधानानं घरी जायचे आणि जरा वेळानं पलीकडून सांगायचे, "लाइन चांगली हाय, टोन हाय!" तेवढ्यात दिवा विझायचा. दोघं भाऊ इतके शिकलेले, पण कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

शेवटी टेलिफोनचा माणूस आला. त्यानं आप्पांकडचा फोन बघितला आणि सरळ सांगून टाकलं, "आजोबा, तुम्ही रिसीव्हर उचलला की यांचं नेट पडतंय. मधी फोन आन् नेट वेगळं करणारी छोटी डबी लावावी लागंल, यांच्या फोनला हाय तशी; माझ्याकडं आत्ता न्हाई." आप्पांचा चेहरा पडला. कितीदा उचलला असेल, हे ते मनात मोजत असावेत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते टॉवेलात गुंडाळलेला फोन घेऊन आले. वायरचं नीट वेटोळं केलेलं. "माझ्यामुळं तुमचं काम खोळंबलं. येवढे दिस." मी म्हणालो, आप्पा, रविवारी पुण्याला जाणारच आहे, डबी आणतो, तोवर राहू द्या. त्यांनी ऐकलं नाही. आणि खरं सांगायचं तर मीही फार आग्रह केला नाही. त्या रात्री माझी फाइल पहिल्या झटक्यात गेली आणि मला आनंद झाला.

रविवार यायच्या आत एका संध्याकाळी मी कामावरून आलो तर आप्पा आमच्या पायरीवर बसलेले. घराला दिवसभर कुलूप.

"दुपारी तुमचा फोन लई वाजला," ते म्हणाले. "थांबला, आन् परत वाजला. मी भिंतीपाशी व्हतो."

बँकवाले असतील, मी म्हणालो. ते दुपारीच करतात.

"व्हय," आप्पा म्हणाले. "ज्याला काम हाय, तो परत करील की."

रविवारी मी डबी आणली, फोन परत जोडून दिला. आता खुशाल उचला, काही होत नाही, असं दहादा सांगितलं. पण आप्पांचा विश्वास बसला नाही. आधी भिंतीवर टकटक करून विचारायचे, "नेट चालू हाय का? उचलू का?" मग कधी नुसतेच फोनवर हात ठेवून बसायचे. पुढच्या थंडीत ते गेले. मुलीला कळवायचं तर कळवणार कुठं? खोल्या रिकाम्या झाल्या, पण तिथला फोन काढायला माझा हात धजला नाही.

उन्हाळ्यात एका सुट्टीच्या दिवशी फोन वाजला. आवाज मी लगेच ओळखला.

"आप्पांना बोलावता का?"

मी सांगितलं. दुसरं काय करणार? कधी गेले, ते तिनं विचारलं. मग म्हणाली, "मागं एकदा केला होता मी. दुपारी, दोनदा. कुणी उचलला नाही. मला वाटलं, अजून रागातच आहेत."

मी तिला सगळं सांगायला लागलो. भिंतीतलं भोक, टोन, टॉवेलातला फोन, आमचं नेट. सांगता सांगता माझं मलाच ऐकवेना. तिनं फोन ठेवला नाही, मलाही ठेवता येईना. वर भाऊ निवांत सिनेमा बघत होता. आणि माझ्यासमोर मोडेमचा हिरवा दिवा तेवढ्या वेळात एकदाही विझला नाही.