मामांची नदी आणि मामीची गंगा

शब्दांवरून भांडणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण एका शब्दासाठी भरल्या ताटावरून उठणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा सख्खा मामा निघाला. आष्ट्याजवळ नदीकाठच्या गावात त्यांनी तीस वर्षं मास्तरकी केली. सारं गाव त्यांना मास्तर म्हणे. त्यांचं खरं नाव पोस्टमनखेरीज कुणाला लागतच नसे. मी आष्ट्याच्या शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते आणि त्यांच्याकडेच राहत होते, त्यामुळे हा छळ मी दोन्ही वेळच्या जेवणासोबत भोगलाय. आजही आठवलं की डोकं तापतं.

‘नदी’ या शब्दाचा तर सातबाराच जणू त्यांच्या नावावर होता. नद् म्हणजे गर्जना करणं; गर्जते ती नदी. सरकत जाते ती सरिता, तट असतात ती तटिनी, आणि प्रवाह फारच दांडगा असला तर तो नद. पावसाळ्यापुरता वाहतो तो ओढा, त्याला नदी म्हणाल तर खबरदार! एका पोरीनं निबंधात ‘नदी शांतपणे वाहत होती’ असं लिहिलं म्हणून तिला शून्य गुण दिले. तिचा बाप सुभेदार, पलटणीतून रजेवर आलेला. तो मिशीला पीळ देत जाब विचारायला आला. रागावले की मामांची पुस्तकी भाषा गळून पडायची. ते त्याच्यावरच उखडले, “गर्जती तिला नदी म्हनत्यात! शांत व्हती तर तळं लिवायचं!” सुभेदार बिचारा आल्या पावली परत गेला. चुलीपाशी मामी पुटपुटली, “गर्जती ती नदी म्हनं. मग आमच्या घरात बारमाही पूर हाय.”

मामांची एक जाडजूड वही होती. कोणत्या गावात कोणत्या पाण्याला काय म्हणतात, तो शब्द आला कुठून, सगळं त्यात. मामीचं माहेर मेढ्याचं, म्हणून तिचे शब्दही वहीत होते. वेण्णेला ती वेण्णा म्हणे, कोयनेला कोयना, वारणेला वारणा. फक्त आमच्या दाराशी वाहणाऱ्या कृष्णेला ती गंगा म्हणायची. “गंगंवर धुनं घिऊन जाते,” एवढं तिनं म्हणायचा अवकाश, की मामांचा पारा चढलाच. “गंगा काशीला! ही कृष्णा! तीस वर्सं सांगतोय, एक शब्द सुदरंना तुला?” मामी खाली मान घालून भाकरी थापत राही. वहीत तिच्या ‘गंगा’पुढे लाल शाईनं ‘चूक’ असं लिहिलं होतं आणि मामा अधूनमधून ते पुन्हा गिरवत. मला त्या लाल शाईचा मनस्वी संताप यायचा.

मोठा दुष्काळ सरल्यावरच्या वर्षी नदीला दोन्ही काठ भरून नवं पाणी आलं. गावच्या बाया खण-नारळ घेऊन तिची ओटी भरायला घाटावर गेल्या, मीही गेले. मामीनं ओटी पाण्यात सोडली, हात जोडले आणि म्हणाली, “गंगामाई, समद्यास्नी सुखात ठेव.” मामा पाणी किती चढलं ते बघायला वरच्या पायरीवर उभे होते. तिथूनच ते गरजले, “अगं ए अडाणी! हात कुनाला जोडतीस ते तरी कळतंय का? नाव घे, नाव! कृष्णा म्हन!”

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मामी घरी आली, पिशवीत दोन लुगडी भरली आणि दुपारच्या एसटीनं मेढ्याला निघून गेली.

“जातीय कुठं? ईल मागारी,” मामा म्हणाले. चार दिवस गेले, मामी आली नाही. मामांनी रोज ताटावर बसायचं आणि अर्ध्यावर उठायचं, तेही आता कुणाशी भांडण नसताना. पाचव्या दिवशी मला म्हणाले, “तू जाऊन घिऊन ये तिला. आन् तेवढा शब्द सुदार म्हनावं.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वही उचलली आणि त्यांच्या पुढ्यात आपटली.

“मामा, मामी वेण्णा म्हणते ते बरोबर?”

“बरोबर.”

“कोयना? वारणा?”

“बरोबर.”

“मग एवढी एकच नदी कशी चुकते तिची? तुमचं नाव काय हो?”

“माजं? कृष्णाजी,” मामा म्हणाले, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

“नवऱ्याचं नाव बायको तोंडानं घेत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि तुम्ही शब्दांची मुळं खणत गावोगाव हिंडता! तीस वर्षं तिनं तुमचा मान राखला आणि तुम्ही तिला चारचौघींत अडाणी म्हणालात. लाज वाटू द्या जरा!” वडीलधाऱ्यांना असं बोलू नये. पण मी बोलले, आणि मला त्याचं अजूनही वाईट वाटत नाही.

मामांनी टोपी घातली आणि चपला हुडकत बसण्याऐवजी माझ्याच चपला पायात सरकवून एसटी गाठली. मेढ्यात काय झालं ते दोघांनीही मला कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं परतली तेव्हा पिशवी मामांच्या हातात होती. त्यानंतर मामांचं ओरडणं थांबलं म्हणाल, तर नाव नको. ओढ्याला नदी म्हणणाऱ्यांची खैर नव्हतीच. फक्त ‘गंगा’ ऐकलं की ते उगीच चष्मा पुसत.

पुढं काही वर्षांनी मामी गेली. त्या पावसाळ्यात सांगलीचे एक तरुण प्राध्यापक शब्द गोळा करत आमच्या घाटावर आले आणि या नदीला इथं काय म्हणतात, असं त्यांनी मामांना विचारलं.

“गंगा,” मामा म्हणाले.

“पण मास्तर, ही तर कृष्णा. गंगा चुकीचं नाही का?”

“चुकीचं? कोन म्हनतो चुकीचं? लिवा, गंगा!” मामा असे कडाडले की पलीकडं म्हशी धुणारा गडी दचकून वर बघायला लागला. प्राध्यापकांनी निमूटपणे लिहून घेतलं आणि निघून गेले.

मामा पायरीवर बसले. मीही शेजारी टेकले. पाण्याकडे बघत ते हळू आवाजात म्हणाले, “दिसातनं धा येळा ती माजं नाव टाळायची, पोरी. म्हंजी धा येळा तिला माजी आठवन व्हायची. आता माजं नाव कोन टाळनार गं?”