सुमनवहिनींची निळी फुलदाणी

काचेची आवड असलेल्या माणसाच्या घरी दोन गोष्टी साचतात, धूळ आणि किस्से. धूळ निदान पुसता येते. किस्से मला स्वस्थ बसू देत नाहीत. जेवताना आठवतात आणि मी घास हातात धरून सांगत सुटतो. बायको ओरडते, "आधी गिळा!"

नव्वदच्या दशकात नाशकात आम्ही चौघे जुन्या काचेच्या फुलदाण्यांमागे वेडे होतो. फिजिक्सचे रिटायर्ड प्रोफेसर आप्पा, एक डेंटिस्ट, विंचूरचे कांदा व्यापारी गीते आणि मी. दर रविवारी गंगापूर रोडला आप्पांच्या हॉलमध्ये बैठक. फुलदाणी आली की आधी उलटी करायची. तळाला कारागिरानं काच फुंकून झाल्यावर सळई तोडल्याची खूण आहे का, वर्षानुवर्षं सरकवल्याचे ओरखडे आहेत का, ते बघायचं. मगच तोंड उघडायचं.

एकच फुलदाणी आम्हाला उलटी करायला मिळत नव्हती. आप्पांच्या बायकोची, सुमनवहिनींची. निळी, सोनेरी वेलीची, कायम फुलांनी भरलेली. नवी नवरी असताना त्यांनी हौसेनं जुन्या बाजारातून आणलेली. विकणारा म्हणाला होता, "साहेबाच्या बंगल्यातली आहे, फार जुनी." तेव्हापासून आप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे, "ही बघा, आमची बायको इथं फसली!"

वहिनी एवढंच म्हणायच्या, "असू दे. लेकीला देईन तर हीच."

*

आमचा डेंटिस्ट एकदा भावासाठी मुलगी बघायला गेला. समोर टीपॉयवर हिरवी फुलदाणी. याचे हात शिवशिवायला लागले. पोह्यांच्या बशा आल्या आणि यानं फुलदाणी उचलून उलटी केली! पाणी, निशिगंध, सगळं मुलीच्या वडिलांच्या मांडीवर.

"पन्नास वर्षं तरी नक्की!" हा तळ बघत ओरडला.

वडील पँट झटकत म्हणाले, "अहो, वय मुलीचं विचाराल असं वाटलं होतं!"

*

आप्पांना खोटं बोलताच यायचं नाही. एक बाई मोठ्या कौतुकानं फुलदाणी घेऊन आल्या. "फ्रेंच आहे. सासूबाईंच्या सासूबाईंची." आम्ही तिघं चुळबुळायला लागलो.

आप्पांनी तळ बघितला. "बाई, ही माझ्या स्कूटरपेक्षा तरुण आहे."

बाई चहा न घेता गेल्या. वहिनी आतून म्हणाल्या, "जरा गोड बोलला असतात तर काय बिघडलं असतं?" आप्पा म्हणाले, "काच गोड बोलल्यानं जुनी होत नाही!"

*

गीत्यांनी नोटा तपासायचा निळा दिवा आणला. काही जुनी काच त्याच्यासमोर हिरवी चमकते. पण अंधार हवा, आणि भर दुपार. शेवटी आम्ही चौघांनी एक फुलदाणी घेऊन आप्पांच्या बाथरूममध्ये स्वतःला कोंडून घेतलं! तेवढ्यात शेजारीण आली. वहिनींचा आवाज ऐकू आला, "हो, आहेत ना घरात. बाथरूममध्ये मीटिंग चाललीये."

दिवा लावला. फुलदाणी ढिम्म. आप्पांचा धुतलेला बनियन मात्र झगझगीत!

गीते म्हणाले, "आप्पा, तुमचा बनियन लय ॲंटिक हाय!"

*

मग दोन हजारनंतर कधीतरी आप्पांच्या लेकीचं लग्न होऊन ती अमेरिकेला निघाली. त्या रविवारी बॅगा हॉलमध्येच पडलेल्या. वहिनींनी निळी फुलदाणी रिकामी केली, पदरानं पुसली आणि आप्पांपुढे ठेवली.

"आज बघाच. आयुष्यभर हसलात. मी खरंच फसले असेन, तर लेकीला नाही देणार."

आप्पांनी भिंग घेतलं. तळ बघितला. मग वेलीवरून बोट फिरवलं आणि ते थांबलं. आम्हीही आलटून पालटून बघितलं. सोनेरी रंगाखाली साच्याची शिवण होती, तळापासून थेट काठापर्यंत. मशीनचा माल! आमच्यातल्या कुणीही ते अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं. मी उठलो, पुन्हा बसलो.

आप्पांनी भिंग खाली ठेवलं. "जुनी आहे. खूप जुनी. मीच उगाच हसत होतो."

डेंटिस्टनं मान हलवली. गीते जमिनीकडे बघत म्हणाले, "लय जुनी हाय, वहिनी."

वहिनींनी फुलदाणी हातात घेतली. वेलीवरून सावकाश नख फिरवलं, तळापासून थेट काठापर्यंत. आप्पांकडे एकदा बघितलं. मग ती लेकीच्या हातात दिली.

"जपून ने गं. तुझ्या बाबांनी पारखून दिलीय."