गोदाची बोअर

डोंबिवलीच्या मागे, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमचा पाडा. नळाची लाइन इथवर यायला फार वर्षं लागली. त्या दिवसांत नाथाने आपल्या अंगणात बोअर मारली आणि कुंपणाबाहेर सगळ्यांसाठी नळ काढून दिला. तो कंपनीत गेला की त्याची बायको गोदा मोटर चालू करायची. पाणी स्वच्छ आणि गोडं; खाडीकाठी त्याचंच अप्रूप. कुणाकडे बाळंतीण असली तर गोदा स्वतः हंडा पोचवायची.

पंधरा वर्षांनी नाथाच्या तळहातांवर कुरुपांसारख्या गाठी उठल्या, छातीवर काळे ठिपके आले. मग टाचेची जखम भरेना. ठाण्याच्या डॉक्टर देवयानीबाईंनी तपासणी केली, तर कॅन्सर निघाला.

"पाणी कुठलं पिता?" त्यांनी विचारलं.

"आमच्या घरची बोअर हाय," गोदा अभिमानाने म्हणाली.

बाईंनी पाणीही तपासायला लावलं. त्यात आर्सेनिक निघालं. रंग नाही, वास नाही, उकळूनही न जाणारं विष. गोदाने त्याच दिवशी मोटर बंद केली.

नाथा दिवाळीआधी गेला. तेराव्यानंतर मुलगा नयन म्हणाला, "आये, मोटर जळली सांगू. विषय संपेल. नायतर लोक आपल्यालाच धरतील."

"ज्यांनी पिलाय त्यांना डॉक्टरकडं जायाला नको?" गोदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती रिपोर्ट पिशवीत घालून घरोघर गेली. माझ्याकडेही आली. माझ्या तळपायांना गाठी होत्याच, पण मी त्यांना कधी मनावर घेतलं नव्हतं. शेजारच्या रंगूबाईने रिपोर्टकडे पाहिलंच नाही. आपले हात पुढे केले.

"मना वाटलं, कामाचे घट्टे हायत," ती म्हणाली. मग हळूच, "तुझ्या नवऱ्याला पुण्य मिळालं. आमाला हे."

गोदा उंबऱ्याशी बसून राहिली.

पाड्यात अकरा जणांना तो त्रास निघाला. गोदाने नळासाठी पालिकेच्या ऑफिसात इतके खेटे घातले की शिपाई तिला नावाने ओळखू लागला. दुसऱ्या वर्षी लाइन आली. पोरांचे डाग पुसट झाले. रंगूबाईचा आजार मात्र पुढे गेला होता. तिला दर महिन्याला ठाण्याला न्यायला गोदाच जायची. दोघी रिक्षात शेजारी बसत; रंगूबाई बाहेर बघत राही. गेल्या चैत्रात ती वारली. शेवटपर्यंत ती गोदाशी बोलली नाही, पण सोबत दुसरं कुणी तिला चाललं नाही.

गोदाने सगळ्यांइतकंच ते पाणी प्यायलं. तिच्या अंगावर काहीच उठलं नाही. मध्यंतरी मी म्हटलं, "देवाने तुला राखली."

तिने हात पदराखाली घेतले. "तसा बोलू नको," म्हणाली. "मना लाज वाटते."