मुदत संपलेला शिक्का

बाजाराने त्यांना दिलेले नाव ‘मिलिग्राम’. व्यवसाय वजनकाट्यांच्या दुरुस्तीचा, एकेचाळीस वर्षे, एकाच दुकानात. मृत्युसमयी वय सदुसष्ट पूर्ण, अडुसष्टावे चालू. पत्नी त्यांच्या चार वर्षे आधी गेली. मूलबाळ नव्हते. मागे एक धाकटी बहीण. तिला ते ‘चिमी’ म्हणत, आणि ती आजी झाली तरी त्यांनी ही हाक बदलली नाही.

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी ते रक्तदानाला गेले आणि रक्तपेढीने त्यांचे रक्त नाकारले. यकृतात हिपॅटायटीस बीचा विषाणू मुक्कामाला होता. डॉक्टरीणबाईंच्या मते बहुधा जन्मापासून, आईकडून आलेला. त्यांनी तीन गोष्टी बजावल्या. रोज एक गोळी, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, आणि बहिणीची तपासणी. पहिल्या दोन मिलिग्रामांनी वहीत सुवाच्य अक्षरात उतरवल्या. तिसरी उतरवली नाही. आईला जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. चिमीच्या सासरी आईच्या नावाची कुजबुज होईल, या विचारानेच त्यांच्या अंगावर काटा आला. पुढच्या भेटीत सांगू, असे त्यांनी ठरवले. पुढच्या भेटी पुष्कळ झाल्या.

पत्नी होती तोवर सोनोग्राफीची एकही तारीख चुकली नाही. ती फाइल मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसे आणि फॉर्मवरच्या ‘सोबत आलेल्या नातेवाइकाचे नाव’ या रकान्यात ठसठशीत सही करी. ती गेल्यानंतरची पहिली तारीख आली तेव्हा मिलिग्राम रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीपर्यंत गेले, त्यांनी तो रकाना पाहिला, फॉर्मची चौकोनी घडी घातली आणि घरी परतले. पुढच्या दोन तारखांना ते घरातून निघालेच नाहीत. गोळी मात्र रोज सकाळी आठाच्या ठोक्याला घेतली जाई. रक्ताच्या अहवालात विषाणू सापडत नव्हता. मग पोटात डोकावून पाहायचे ते काय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. ती खोडून काढायला घरात दुसरे कोणी नव्हते.

अशाच एका सकाळी एका किराणा दुकानदाराच्या काट्यावरील सरकारी शिक्क्याची मुदत संपल्याचे त्यांच्या ध्यानात आले.

“मिलिग्रामसाहेब, काटा एकदम बरोबर आहे. नुसत्या तारखेसाठी कशाला हात धुऊन मागे लागता?”

“बरोबर आहे, हे कशावरून ठरवलंत?”

“रोज वापरतो ना!”

“रोज वापरणाऱ्यालाच फरक कळत नाही, शेठ. म्हणून तर...”

“बोला की! म्हणून तर काय?”

वाक्य तसेच राहिले. मिलिग्रामांनी पान्हा पेटीत ठेवला, पेटी बंद केली आणि ते सरळ रुग्णालयात गेले.

“सोबत कोण?” खिडकीतल्या बाईंनी विचारले.

“मीच.”

“स्वतःलाच सोबत घेऊन आलात होय, आजोबा? बरं, रिकामं सोडा.”

रिकामी जागा सोडणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी त्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली.

चार दिवसांनी, पुढचा स्कॅनही झाल्यावर, डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरची गाठ दाखवली. “कर्करोग आहे. सव्वाचार सेंटिमीटर, मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून. शस्त्रक्रिया नाही जमणार. गाठीच्या रक्तवाहिनीतून औषध सोडून तिला रोखता येईल.”

“गोळी एक दिवसही चुकलेली नाही.”

“गोळीनं धोका पुष्कळ कमी होतो. शून्य होत नाही. म्हणून तर तपासत राहायचं.”

आपले अर्धे राहिलेले वाक्य त्यांनी दुसऱ्याच्या तोंडून पुरे ऐकले. “दीड वर्षापूर्वी आलो असतो तर?”

“लहान असताना सापडली असती, कदाचित. खात्रीनं नाही सांगत.” बाईंनी फाइल चाळली. “बहिणीचं काय निघालं?”

मिलिग्रामांनी फाइल मागून घेतली आणि ते घरी निघाले.

त्या दुपारी त्यांनी सांगायचे मुद्दे कागदावर क्रमवार लिहिले आणि फोन लावला.

“चिमे, दादा बोलतोय.”

“अगंबाई! आज माझी आठवण कशी झाली?”

त्यांनी मुद्दे वाचून दाखवले. पलीकडून मध्येच प्रश्न आला.

“एकोणीस वर्षं, दादा?”

“आईच्या नावाला...”

“आई गेली होती रे! मी जिवंत होते. माझी पोर जिवंत होती. वहिनीला माहीत होतं?”

“मी तिला शपथ घातली होती.”

“वा! बाजाराला मिलिग्रामपर्यंत मोजून देतोस, आणि घरच्यांचं सगळं अंदाजपंचे!”

फोन बंद झाला. मिलिग्राम हातात कागद घेऊन बसून राहिले. शेवटचा मुद्दा वाचायचा राहिला होता. त्यात क्षमा मागितली होती.

दोन आठवड्यांनी टपालाने एक पाकीट आले. आत अहवालाच्या प्रती होत्या, चिठ्ठी नव्हती. चिमीच्या रक्तात विषाणू होता, जोमात होता. यकृतावर व्रण धरू लागले होते. गोळी त्याच आठवड्यात सुरू झाली होती. तिच्या लेकीचा अहवाल मात्र निर्दोष होता. मिलिग्रामांनी प्रत्येक आकडा दशांश चिन्हासकट दोनदा वाचला, आणि मग चष्मा काढून ठेवला.

गाठीवरच्या पहिल्या उपचाराच्या दिवशी ते त्याच खिडकीशी उभे होते. रेघ ओढायला त्यांनी पेन टेकवले, तोच मागून एका हाताने ते काढून घेतले.

“बोलायला नाही आले,” चिमी म्हणाली. “सही करायला आलेय.”

ती प्रत्येक खेपेला आली. बाकावर फाइल घेऊन बसली, पाणी दिले, रिक्षा थांबवली. बोलली ती उकाड्याबद्दल आणि गुडघ्यांबद्दल. मिलिग्रामांनी एकदा सुरुवात केली, “चिमे, मी तेव्हा...”

“आधी बरा हो. मग भांडू. मला कडकडून भांडायचंय तुझ्याशी.”

ते बरे झाले नाहीत. उपचारांनी सव्वीस महिने मिळाले.

दुकान बंद झाले. काटे तपासायच्या प्रमाण वजनांची पेटी बहिणीने पावती घेऊन सरकारी कार्यालयात जमा केली. ती रोज सकाळी आठला गोळी घेते. सहामाही सोनोग्राफीची एकही तारीख तिने आजवर चुकवलेली नाही, आणि फॉर्मवर सही तिची लेक करते. दादाशी करायचे ते भांडण तेवढे राहून गेले.