तळ्यातलं मैदान

दुष्काळाने उदगीरला एकच गोष्ट फुकट दिली, मैदान. अठरा साली पावसाने दगा दिला, गावाबाहेरचं तळं आटलं आणि तळाशी परातीसारखी सपाट जमीन उघडी पडली. नांदेड रोडवरचा पंक्चरवाला शरणप्पा तिथं पोरींना फुटबॉल शिकवू लागला. त्याची लेक शिवकन्या गोलकीपर.

त्याच जागेवर नागप्पाच्या क्रिकेटवाल्यांचाही डोळा. जानेवारीत भांडण हातघाईवर आलं. आपला फुटबॉल संघ तेव्हा आशिया कपसाठी अमिरातीत होता. थायलंडला हाणलं, अमिरातीकडून हरलो. आता बहारीनशी बरोबरी झाली तरी पुढं जाण्याची आशा होती.

नागप्पाने डिवचलं, "अण्णा, देश पुढच्या फेरीत गेला तर पाऊस पडेस्तोवर जागा तुझी. न्हाई गेला तर पोरी घेऊन तिकडं वेड्या बाभळीत जा."

"लागली पैज!" शरणप्पा म्हणाला.

सामना भोगीच्या दिवशी, शारजात. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून मी सह्या गोळा करीत होतो. दुपारी त्याच्या दुकानात गेलो तर तिथं सभाच भरलेली.

"बरोबरी पुरते, मामा," एक गिऱ्हाईक म्हणालं. "सगळे गोलापुढं उभे करायचे. भिंतच!"

"भिंत तुझ्या घराला बांध!" शरणप्पाने ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे न बघताच काढली, पुन्हा बुडवली. "बरोबरीला बसलेला गडी घड्याळ बघतो, बॉल न्हाई."

मी कागद पुढं केला. "सही कर. जिल्हा झाला की स्टेडियम येतंय."

"भाऊ, लातूरला निवडीला गेलो की इचारतात, सराव कुठं करता? काय सांगू? आधी जागा."

माझं डोकं फिरलं. "शारजात खेळणारी पोरं तुला जागा देणार?"

"तुमचे पुढारी तरी कुठं द्यायलेत?"

मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. ते बोलणं मला अजून सलतं.

रात्री बरोबरी नव्वद मिनिटं टिकली. मग आपल्यावर पेनल्टी बसली, गोल झाला. सगळं गेलं.

सकाळी नागप्पाची टोळी स्टंप घेऊन तळ्यात हजर. मीही गेलो. शरणप्पा शब्दाचा पक्का. पोरींना जागा करायला कुऱ्हाड घेऊन बाभळी तोडायला निघाला. शिवकन्या मात्र दोन दगडांच्या गोलात उभी. हलेना.

"चल, पोरी. हरलो आपण."

"तुम्ही हरलात, पप्पा. माझं मैदान पैजेवर लावताना मला इचारलं का?" मग ती नागप्पाकडे वळली. "काका, जागा पाहिजे ना? मला गोल मारा अन् घ्या."

नागप्पाने शरणप्पाकडे बघितलं. "अण्णा, शब्द दिला होतास."

शरणप्पाने कुऱ्हाड खाली ठेवली. "दिलाय. पण ती माझं ऐकत न्हाई. तूच सांगून बघ."

टोळी हसली. नागप्पा चिडला, चपला काढल्या, लांबून धावत आला आणि बॉल हाणला. तिने झेप घेऊन तो पोटाशी धरला, उठली, धूळ न झटकता परत फेकला.

"पुन्हा मारा, काका."