पॅचखालची सही

"तुझं नाव काढ त्यातनं."

हातात चहाचा कप घेऊन तो माझ्या खुर्चीच्या मागं उभा होता. सोलापूरच्या नवी पेठेत, कापडाच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. एका खोलीत आम्ही आठ जण. मला वाटलं माझं काही चुकलं असेल. म्हटलं, "कशातनं सर?"

"पॅचमधनं. वर फ्रॉममध्ये माझं नाव टाक, खाली सहीतही माझंच. तुझं आडनाव वाचलं की लोक कोड वाचत नाहीत. म्हणतात, सवलतीतलं काम आहे."

कुणीतरी हसलं. कोण हसलं ते मला माहीत आहे. आज तो हसणारा मला रस्त्यात भेटला की चौकशी करतो, आणि मी त्याच्याशी बोलत नाही.

नाव काढ म्हणणाऱ्याला तेव्हा मी सर म्हणायची. अहोजाहो करायची. इथं करणार नाही. घरात तीन पिढ्या मास्तर आणि वकील, स्वतः पुण्यात शिकून आलेला, कंपनीचा मालक. असू दे. इथं तो 'तो'च राहील.

आणि बघा, पॅच जाणार होता जगभर. कुठल्या कुठल्या देशातली माणसं वाचणार. त्यांना माझ्या आडनावातलं काय डोंबल कळणार होतं? कळत होतं ते त्या खोलीतल्या आठ जणांना. त्यांच्यासमोरच सांगायचं होतं त्याला.

मी फाईल उघडली. कर्सर नावाच्या शेवटी नेला. एकेक अक्षर खोडलं. बापाचं नाव खोडलं, आडनाव खोडलं. त्याचं टाकलं. तो मागं उभा राहून बघत होता. चहा संपेपर्यंत.

माझ्याच बोटांनी मी माझं नाव पुसलं. हे मला अजून जाळतं. त्यानं पुसलं असतं तर निदान चोरी म्हणता आली असती.

पॅच म्हणजे काय ते सांगते, नाहीतर कळायचं नाही कशासाठी एवढा जीव जळला. जगात एक मोठी मोफत प्रणाली आहे. लाखो यंत्रांत चालते. तिच्यात चूक सापडली तर कुणीही दुरुस्ती पाठवू शकतं. अर्ज नाही, ओळख नाही, चिठ्ठी नाही. फक्त ईमेल, जगभरच्या वाचणाऱ्यांच्या यादीवर. त्या ईमेलमध्ये कुठली ओळ काढली तिच्यापुढं वजाचं चिन्ह, कुठली घातली तिच्यापुढं अधिकचं. वर पत्रासारखं लिहायचं, कुणाकडून, विषय काय, का केलं. आणि खाली सही. नाव आणि ईमेल. त्या सहीचा अर्थ असा की हे काम मी देतोय, त्याला मी जबाबदार. तिथं ती सही कायमची राहते. कंपनी बुडाली तरी राहते, माणूस मेला तरी राहते.

मला ते वाचून पहिल्यांदा काय वाटलं माहिती आहे? वाटलं, इथं आपल्याला कुणी हटकणार नाही.

आमची कंपनी पॉवरलूमसाठी छोटे बोर्ड बनवायची. मागावरचा धागा तुटला की बोर्डाला कळायचं, तो माग थांबवायचा. पण अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या शेडमध्ये धागा न तुटताच माग थांबायला लागले. शेडचे मालक कामगारांवर ओरडायचे. त्या कामगारांत माझे वडील, अण्णा, होते. मोडनिंबहून आलेले, लोकांच्या रानात मजुरी करून कंटाळलेले, टॉवेलच्या मागावर उभं आयुष्य काढलेले. घरी येऊन म्हणायचे, "धागा न्हाय तुटत गं. त्यो डबाच येडा हाय."

ऑफिसात तो म्हणायचा, "कामगार झोपतात आणि मशीनवर ढकलतात."

मी शेडमध्ये गेले. चार-पाच दुपारी जाऊन उभी राहिले, कानात कापूस घालून. लाईट गेली की सगळं शांत. लाईट आली की सगळे माग एकदम सुरू, जमीन हादरते. आणि नेमके तेव्हाच पहिल्या काही क्षणांत बोर्ड खोटं बोलायचा. अण्णा बरोबर होते. दोष आमच्या बोर्डात नव्हता, त्यातली चिप वाचणाऱ्या कोडमध्ये होता, आणि तो कोड त्या मोफत प्रणालीतला. लाईट आल्या आल्या चिप भानावर यायच्या आधीच तो कोड तिचं ऐकत होता. अकरा ओळींची दुरुस्ती. अकरा! त्यापायी किती कामगारांनी शिव्या खाल्ल्या असतील.

पॅच पाठवायची रीत मी एकटीनं शिकले. जुनी ईमेलं वाचून वाचून. एका पॅचमध्ये एकच गोष्ट. नेहमीच्या मेलमध्ये चिकटवायचा नाही, मोकळ्या जागा बिघडतात, ओळी तुटतात, समोरच्याकडं तो लागूच होत नाही. आज्ञा देऊन सरळ पाठवायचा. आधी स्वतःलाच पाठवून बघायचा. तो म्हणाला होता, "फाईल जोड मेलला आणि पाठव की, त्यात काय एवढं." मी सांगायला गेले की जोडलेली फाईल तिथं चालत नाही. तर म्हणाला, "मला शिकवू नकोस."

त्याच्या नावानं, त्याच्या खात्यातनं, माझ्या हातानं पॅच गेला. तिकडनं दोन सुधारणा सांगितल्या. त्याही मी केल्या, त्याही त्याच्या नावानं गेल्या. ही दुसरी खेप.

मधल्या काळात गावभर झालं, की सोलापूरच्या माणसाचं काम जगात पोचलं. एका इंजिनिअरिंग कॉलेजात त्याचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, फेटा. पॅच तिकडच्यांनी अजून घेतलाही नव्हता, तरी सत्कार. मला नेलं होतं लॅपटॉपवरच्या स्लाईड सरकवायला. माईकवर तो म्हणाला, "मी स्वतः शेडमध्ये जाऊन उभा राहिलो. एक म्हातारा कामगार मला म्हणाला, साहेब, धागा तुटत नाही, डबाच वेडा आहे."

पोरांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस शेडच्या फाटकाच्या आत कधी गेलेला नव्हता. अण्णांचं बोलणं मीच त्याला सांगितलं होतं, कौतुकानं. मूर्ख मी. माझं नाव घेतलं ते घेतलं, आता बापाचं वाक्यही घेतलं. आणि मी काय केलं? पुढची स्लाईड लावली.

घरी गेल्यावर अण्णांना मोबाईलवर त्या पॅचचं पान दाखवलं. का दाखवलं कुणास ठाऊक. ते सातवी शिकलेले, इंग्रजी येत नाही, पण पगाराच्या चिठ्ठीवरचं आपलं आडनाव इंग्रजीत ओळखतात. चष्मा लावून वरपासून खालपर्यंत बघितलं. परत बघितलं.

"हितं आपलं नाव कुटं हाय?"

"नाही अण्णा."

"का न्हाय?"

मी ताटं घ्यायला उठले. त्यांनी मोबाईल परत दिला आणि चष्मा काढून खिशात ठेवला.

दोन दिवसांनी तिकडनं मेल आलं. त्या भागाचा कोड एक बाई सांभाळतात. कोण, कुठल्या, मला आजही माहीत नाही. त्यांनी तीन प्रश्न विचारले होते. हा दोष तुम्ही कुठल्या यंत्रावर बघितला? लाईट आल्यावर किती वेळानं चिप नीट वाचते, ते कसं मोजलं? आणि थांबायची मुदत एवढीच का ठेवली? साधे प्रश्न. ज्यानं काम केलंय त्यानं चहा पिता पिता उत्तर द्यावं असे.

त्यानं ते मेल मला पुढं पाठवलं. वर एक ओळ. "उत्तर लिही माझ्या नावाने, संध्याकाळपर्यंत."

मी ती ओळ वाचली. किती वेळ वाचली सांगता येत नाही. पंखा फिरत होता, खाली रिक्षावाले ओरडत होते. मला रडू आलं नाही. राग आला, पण वेगळा. एकदम थंड. माझ्या लक्षात आलं की ह्या माणसाला ह्यातलं एक अक्षर येत नाही, आणि जगासमोर विचारणाऱ्या बाई आल्यात, आणि त्याचं सगळं अब्रूचं गाठोडं आता माझ्या हातात आहे.

मी पॅच नव्यानं बनवला. तिसरी खेप. फ्रॉममध्ये माझं नाव टाकलं. माझं, अण्णांचं, आडनाव. पूर्ण. खाली सही माझी.

सहीच्या खाली तीन आडव्या रेघा येतात. त्याखाली जे लिहाल ते कोडच्या इतिहासात जात नाही, फक्त वाचणाऱ्यांसाठी असतं. मागच्या खेपेपासून काय बदललं ते तिथं सांगायचं, अशी तिथली रीत आहे. मी रीत पाळली. तिन्ही प्रश्नांची उत्तरं लिहिली. शेड, माग, मोजमाप, सगळं. आणि मग लिहिलं:

"दुसऱ्या खेपेपासून बदल: कोडमध्ये काही नाही. लेखकाचं नाव दुरुस्त केलं. पहिल्या दोन खेपांचं काम माझंच आहे. मालकांनी सांगितलं म्हणून मी माझं नाव काढलं होतं. ते चूक होतं."

आधी स्वतःला पाठवून बघितलं. ओळी सरळ, जागा जशाच्या तशा. मग खरं पाठवलं, माझ्या खात्यातनं. दुपारी चार वाजता, ऑफिसात, माझ्याच खुर्चीवर बसून. त्याला प्रत ठेवली. चोरून कशाला?

दहा मिनिटांनी त्याच्या केबिनचं दार आपटलं.

"डिलीट कर ते! आत्ताच्या आत्ता डिलीट कर!"

"होत नाही सर."

"होत नाही म्हणजे?"

"गेलं की ते. आता हजारो लोकांकडं हाय. पुसता येत न्हाय."

ऑफिसात मी दोन वर्षं जिभेला लगाम घालून 'आहे, नाही' बोलायची. त्या दिवशी सुटला लगाम. मला काही वाईट वाटलं नाही.

त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. मग आवाज खाली आणला. "अगं, असं नाही करायचं. तू मला मुलीसारखी आहेस. दोघांची नावं टाकू. तुझं पण टाकू."

तुझं पण! माझ्या कामावर माझं पण!

"नको," मी म्हटलं.

"सोलापुरात तुला कोण नोकरी देतं बघतो मी."

"बघा."

मी डबा उचलला, ओढणी नीट केली आणि जिना उतरले. अनुभवाचं पत्र मिळालं नाही. मागितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी त्या बाईंचं मेल आलं. मला नाही, त्याला. सगळ्यांसमोर. "ह्या कामाचे लेखक कोण आहेत, ते आपण स्पष्ट करावं. तोपर्यंत हे पुढे जाणार नाही." तो दिवसभर गप्प. त्याच्या पुढच्या दिवशीही गप्प. मी दर तासाला बघत होते. मग एक ओळ आली. टीममध्ये गैरसमज झाला होता, काम त्यांचंच आहे. त्यांचं म्हणजे माझं. माझ्या नावानिशी, आडनावासकट, त्यानं स्वतः टाईप केलं.

मला आनंद झाला. लई झाला. सांगायला लाज वाटत नाही. मी ती ओळ किती वेळा उघडून वाचली असेल! अजूनही कधी मन खट्टू झालं की उघडते. लोक म्हणतात, सूड वाईट, मन मोठं करावं. मोठं मन त्यांनी करावं ज्यांचं काही गेलेलं नाही.

बाईंनी आणखी एक दुरुस्ती सांगितली, मी केली, आणि पॅच घेतला गेला. शाबासकी नाही, सहानुभूती नाही. 'लागू केला' एवढंच उत्तर. तेवढंच मला हवं होतं.

किंमत मोजली ती अण्णांनी. शेडचा मालक त्याच्या ओळखीचा. आठवड्यात अण्णांना नव्या मागांवरनं काढून जुन्या खडखडाटी मागांवर टाकलं. संध्याकाळी ते हात धुता धुता म्हणाले, "कशाला नडलीस गं? आपून काय त्यांच्या बरोबरीचं हाय का?"

मला ते त्याच्या टोमण्यापेक्षा जास्त लागलं. ज्या बापानं नाव कुठं आहे म्हणून विचारलं, तोच बाप हे म्हणाला. त्याला हे म्हणायला कुणी शिकवलं? एका माणसानं नाही, अनेकांनी, पिढ्यान्‌पिढ्या. मी अण्णांशी भांडले. "व्हय, हाय बरोबरीचं," म्हटलं. ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

आता मी घरून काम करते, बाहेरच्या लोकांसाठी. मिळतं तेवढं मिळतं. पण त्या यादीवरचं प्रत्येक ईमेल मी वाचते. त्याच्या कंपनीतनं अजून पॅच येतात. सही त्याचीच. लिहिण्याची ढब मात्र त्याची नाही, ती मला ओळखू येते. नव्या नव्या माणसाची घाबरलेली, काळजीनं लिहिलेली ढब. तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी बसलंय आणि आपलं नाव आपल्या हातानं खोडतंय.

मी त्याला माफ केलेलं नाही. करणार नाही. तिथं कुणीही कुणाच्याही पॅचवर प्रश्न विचारू शकतं, तो हक्क मला आहे आणि मी तो सोडणार नाही. आजही सकाळी त्याच्याकडनं एक आलाय. मी ओळ न्‌ ओळ वाचली. चार जागी कारण दिलेलं नाही, जे लिहिणाऱ्यालाच माहीत असेल. चारही प्रश्न मी सभ्य भाषेत लिहिलेत, सगळ्यांना प्रत ठेवून. पाचवा शेवटी लिहिलाय: हे काम कुणाचं आहे?

पुढचा पॅच येईल तेव्हाही हाच विचारणार. तो पाठवतोय तोपर्यंत.